‘स्थलांतर रोखले’ या रकान्यातला मुलगा

दिवाळीनंतर आमच्या शाळेतून एक तक्ता वर जातो. एकूण पट, ऊसतोडीला गेलेले पालक, पालकांबरोबर गेलेली मुलं, आणि शेवटचा रकाना ‘स्थलांतर रोखलेली मुले’. तो शेवटचा रकाना भरताना हात जरा जोरात चालतो. त्या साली मी तिथे ११ लिहिलं. केंद्रप्रमुखांनी बैठकीत आकडा वाचून दाखवला, टाळ्या झाल्या. ही नोंद त्या अकरांतल्या एका मुलाची आहे.

शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका वस्तीवर. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोन. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग माझ्याकडे, पहिली-दुसरी सहकारी बाईंकडे. मुलाचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. घरात त्याला धाकला म्हणत, इथेही तेच म्हणू. वय आठ, इयत्ता तिसरी.

वस्तीतली बहुतेक घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि ती कशात गेली हे ज्याच्या त्याच्या घराला ठाऊक. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाट्या, पत्रे, शेळ्या, चुलीचं सामान आणि लेकरं. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात बेळगावच्या पट्ट्यात. परतायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद झाल्यावर, मार्च-एप्रिलात.

दुसरीत असताना धाकला आई-बापाबरोबर फडावर, म्हणजे तोडीच्या उसाच्या रानात, गेला होता. शाळेचे साडेचार महिने बुडाले. सोबत शिक्षण हमी पत्रक दिलं होतं, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेने विनाअट बसवून घ्यावं असा कागद. तो परत आला तेव्हा त्या कागदाची घडी मी घातली होती तशीच होती. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. पुढे मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालायचं धोरण आलं, पण फडाजवळची कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी, आणि ‘जवळची शाळा’ यांच्यात किती चालावं लागतं ते धोरणात नसतं.

म्हणून तिसरीच्या वर्षी मी कंबर कसली. मी शाळेचा बालरक्षक, म्हणजे मुलं शाळेबाहेर पडू नयेत हे बघणारा शिक्षक. ऑगस्टपासून त्याच्या घरी चार खेपा घातल्या. बापाला म्हटलं, पोराला आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहातून दोन वेळचं जेवण मिळेल, अभ्यासाचं माझ्यावर सोडा. आमच्याकडे हंगामी वसतिगृह म्हणजे शाळेतच शिजणारं सकाळ-संध्याकाळचं जेवण. झोपायला मुलं ज्याच्या त्याच्या घरी. आई काही बोलली नाही. चौथ्या खेपेला एवढंच म्हणाली, “ठिवते. पर पोरगी न्यावी लागंल. बारकं कोण बगंल?” पोरगी म्हणजे धाकल्याची थोरली बहीण, चौथीतली, माझ्याच वर्गातली. कडेवरचं बाळ सांभाळायला ती गेली. मी एक मूल रोखलं, एक सोडलं, आणि तक्त्यात दोन वेगळ्या रकान्यांत दोघांची नोंद केली.

काय दिसत होतं

नोव्हेंबरच्या मध्याला वाचन तपासलं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्या शिक्षकांना पाठ आहेत. धाकला अक्षरावर होता. काना-मात्रा नसलेली १४ अक्षरं ओळखली, त्यातही ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत. गणितात मात्र चक्क पुढे. तोंडी बेरीज चटकन करायचा, कारण गेल्या वर्षी फडात मोळ्या मोजल्या होत्या. एका ट्रॉलीत किती टन बसतो, किती खेपा झाल्या की किती टन, हे तो माझ्याआधी सांगायचा. तेच गणित फळ्यावर शब्दांत लिहिलं की खाली मान.

वर्णनात्मक नोंदीत मी लिहिलं, ‘वाचनात सुधारणा आवश्यक.’ हे वाक्य आम्ही शिक्षक झोपेतही लिहू शकतो.

उपाय म्हणून त्याला मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवायला लागलो. अक्षरकार्डं, बाराखडी, गिरवणं. सहा आठवडे इमानेइतबारे केलं. १४ अक्षरांची १७ झाली. डिसेंबरात त्याचं पोट दुखायला लागलं, रोज सकाळी, परिपाठ संपता संपता. हजेरी मात्र शंभर टक्के. याचं मला कौतुक वाटायचं. घर रिकामं असलं की मूल शाळेत येणारच, हे सुचायला वेळ लागला.

बोलणं कमी होत होतं. मारामारी नाही, दंगा नाही, त्यामुळे माझं लक्ष नाही. एकदा चौथीतल्या मुलांनी ‘मोठेपणी कोण होणार’ विचारत एकेकाला उभं केलं. पोलीस, फौजी, ड्रायव्हर झाले. धाकला म्हणाला, “अर्धा कोयता.” पोरं हसली. मीही हसलो असेन. नक्की आठवत नाही, आणि न आठवणं सोयीचं आहे हेही कळतं.

फाट्यावरची दुपार

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गणिताचा तास चालू असताना त्याच्या बस्करपट्टीखालून ओल पसरली. शेजारचा पोरगा ओरडत उठला, वर्ग हसला. मी “गप्प बसा” म्हणेपर्यंत धाकला दाराबाहेर होता.

घरी नव्हता. ओढ्याला नव्हता. पाऊण तासाने सापडला तो डांबरी रस्त्याच्या फाट्यावर, मैलाच्या दगडाला टेकून. चड्डी उन्हाने वाळत आली होती. मी शेजारी बसलो. मला रागवायचं होतं आणि घाबरलोही होतो, कारण तो रस्ता वाहता आहे. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “टॅक्टर इथनंच वळलं सर. येताना बी इथनंच वळंल.”

शाळेच्या खिडकीतून हा फाटा दिसतो. ट्रॅक्टरचा आवाज आला की तो तासातून मान वळवायचा आणि मी ‘लक्ष कुठंय’ म्हणून खडू आपटायचो. दोन महिने मी ज्याला लक्ष नसणं म्हणत होतो, ते एका जागी घट्ट लागलेलं लक्ष होतं.

त्या संध्याकाळी आजीकडे गेलो. आजीकडे दोन मुलांची मिळून तीन नातवंडं. तिला रात्री नीट दिसत नाही. धाकला दिवाळीपासून रोज अंथरूण ओलं करत होता. आधी कधी करत नव्हता, निदान पाच वर्षांचा झाल्यापासून नाही. आजीने दिवस मावळल्यावर पाणी बंद केलं, पाठीत दोन धपाटे दिले, अंगारा लावला. “माझ्यानं काय काय व्हावं गुरुजी? भाकरी थापू का रातच्याला उठून गोधड्या वाळू घालू?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चार खेपा घालून मी आई-बापाला पटवलं, पण ज्या म्हातारीवर सगळं पडणार होतं तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुमच्याच्यानं होईल का म्हणून.

कोणाला विचारायचं

शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक. खोल्या, स्वच्छतागृह, कुंपण, ग्रंथालय हे सगळं त्यात आहे. समुपदेशक नाही. कलम १७ मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी घालतं, ते चांगलंच आहे, पण छळ न करणं आणि आधार देणं यांच्यामध्ये बरंच रान मोकळं सुटतं. शहरातल्या मोठ्या शाळांत समुपदेशकाची खोली असते. आमच्याकडे आहेत गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षिका, आणि त्यांच्याकडे इतक्या शाळा की पंधरा दिवसांतून एकदा गाडी आमच्या वाटेला लागली तर नशीब.

माझ्या डोक्यात तोवर अध्ययन अक्षमता पक्की बसली होती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, प्रशिक्षणात ते शिकवलं होतं. ‘घ-ध’ची गल्लत, वाचन शून्य, तोंडी गणित उत्तम, सगळं जुळत होतं. विशेष शिक्षिका जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आल्या. त्यांनी धाकल्याबरोबर तासभर घालवला, वह्या चाळल्या आणि मला हजेरीपट काढायला लावला. दुसरीचा. नोव्हेंबर ते मार्च कोरा. “सर, जे शिकवलंच गेलं नाही ते येत नाही, याला अक्षमता म्हणत नाहीत. आधी दोन-तीन महिने नीट शिकवा, मग बघू.” आणि जाता जाता, “याला सुट्टीत का बसवता? खेळणं काढून घेतलंत म्हणजे शिक्षाच झाली की.”

त्याच महिन्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं. वर्षातून एकदा येतं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही, पण डावा कान वाहत होता, आणि बराच जुना. ‘ऐकून न ऐकल्यासारखं करतो’ हेही माझंच वाक्य. प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषध मिळालं, पुढे कानाच्या डॉक्टरांकडे दाखवायला चिठ्ठी दिली. मी त्याची जागा बदलली, उजवा कान माझ्याकडे येईल अशी. यात शहाणपण काही नाही, फक्त जागा बदलायची होती.

अंथरुणाबद्दल मी १४४१६ वर फोन लावला. टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी सांगितलं ते सगळं साधंच होतं: पाणी तोडू नका, दिवसा भरपूर पाजा, झोपण्याआधी लघवीला न्या, ओलं झालं तर चार लोकांत बोलू नका, मारू तर मुळीच नका. आई-वडील दूर गेल्यावर या वयात असं सुरू होऊ शकतं, मूल मुद्दाम करत नाही. आजीला हे मी सांगितलं तसं पटलं नाही. सहकारी बाई दोनदा जाऊन चुलीपाशी बसल्या, तेव्हा पटलं. बाईंनी घरातली एक जुनी ताडपत्री नेऊन दिली, गोधडीखाली घालायला. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाला आलेली वस्तू तीच. आजीचं रात्रीचं काम निम्मं झालं आणि धपाटे थांबले.

शाळेच्या कपाटात दोन चड्ड्या ठेवल्या, सगळ्यांसाठी म्हणून. एकदा चौथीतल्या एका मोठ्या पोराने स्वतःच कुंपणावर फाडून घेतलेली चड्डी बदलायला तिथून नेली. त्यानंतर त्या कपाटाला कोणी हसलं नाही.

“चड्डी पेटीत हाय”

आईशी बोलणं करून द्यायचं तर वेळ जुळेना. ती पहाटे भाकरी करून अंधारातच फडावर जायची, रात्री ट्रॉली भरायला कधीही उठावं लागायचं. फोन बापाकडे, तोही चार्जिंग मिळेल तेव्हा चालू. मग ठरवलं, तिने सवड मिळेल तेव्हा माझ्या व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचं. तिला लिहिता येत नाही. त्यांच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या एका पोराने बटण कुठलं दाबायचं ते दाखवलं.

पहिला निरोप ३८ सेकंदांचा. मागे इंजिनाची घरघर आणि बाळाचं रडणं. “जेवलास का रं? आजीला पानी भरू लाग. कुत्रीची पिल्लं मोठाली झाली का? तुजी नवी चड्डी पेटीत हाय, पितळंच्या गडव्याखाली. काय करायलास? थंडी लई हाय हितं. ताई बरी हाय.” एवढंच. धाकल्याने फोन चांगल्या कानाला लावून सहा वेळा ऐकला. सातव्यांदा तिच्याबरोबर तो ओठ हलवत होता.

तेव्हा मला सुचलं. निरोप त्याला पाठ झाला आहे, तर तोच वाचायला का देऊ नये? मोठ्या अक्षरांत कार्डशीटवर तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. तो बोट फिरवत ‘वाचायला’ लागला. अर्थातच वाचत नव्हता, म्हणत होता. मग मी वाक्यं कापून सुटी केली, त्यांचे शब्द कापले, शब्दांची सरमिसळ केली. ‘चड्डी’ कुठाय? ‘पेटीत’ कुठाय? जोडाक्षर आहे, अवघड आहे, पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने फार पुढे येतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ‘चड्डी’ त्याने तिसऱ्या दिवशी बरोबर उचलली.

सहकारी बाईंनी शंका काढली, ‘हाय’ लिहिताय, ‘आहे’ का नाही? पोर तेच धरून बसेल. शंका रास्त होती. आमचा बराच वाद झाला, खिचडी निवेपर्यंत. मी ‘हाय’वर ठाम राहिलो, कारण एकेक अक्षर न जुळवता त्याने वाचलेला तो पहिला शब्द होता. मार्चमध्ये त्याच कार्डावर ‘हाय’खाली ‘आहे’ लिहिलं आणि सांगितलं, आई असं म्हणते, पुस्तक असं म्हणतं. त्याला यात काही अडचण वाटली नाही. अडचण आम्हा मोठ्यांनाच होती.

आठवड्याला दोन-तीन निरोप यायचे. दुपारच्या सुट्टीनंतरची २५ मिनिटं त्यासाठी ठेवली, मधल्या सुट्टीला हात लावला नाही. वर्गातली आणखी चार मुलं अक्षर-शब्दावरच अडली होती, तीही कार्डं जुळवायला येऊन बसू लागली. मग त्यांच्याही आयांचे निरोप मागवले. एकीने फक्त रडूनच पाठवलं, ते मी मुलाला ऐकवलं नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही.

धाकला उत्तरं द्यायचा, आधी बोलून, मग एकेक ओळ लिहून. लिहिलेलं कोणाला वाचता येणार, तर बहिणीला. ती फडावर आईला वाचून दाखवायची. त्या पोरीला तिकडच्या शाळेत घातलं होतं, ११ दिवस गेली, मग बाळ आजारी पडलं आणि संपलं. धाकल्याच्या ओळी वाचणं हाच तिचा त्या हंगामातला अभ्यास.

पाडवा

सगळं सुरळीत चाललं असं लिहिता आलं असतं, पण पाडव्याची चूक लिहायला हवी. ‘आई कधी येणार’ला ‘हंगाम संपला की’ हे उत्तर आठ वर्षांच्या पोराला काही सांगत नाही. म्हणून मी कालनिर्णयचं पान त्याच्या जागेजवळ लावलं, पाडव्याला गोल केला, रोज एक फुली मारायची. फेब्रुवारी-मार्च त्या फुल्यांवर मजेत गेला. अंथरूण आठवड्यातून दोनदाच ओलं व्हायला लागलं. मग त्या कारखान्याकडे ऊस शिल्लक राहिला आणि पट्टा पडायला उशीर झाला. पाडवा आला, गेला. धाकला चार दिवस कोणाशी बोलला नाही, कार्डांना हात लावला नाही, रात्री पुन्हा पहिल्यासारखं. तारीख माझ्या हातात नव्हती आणि मी ती लाल पेनाने लिहून दिली होती. पाचव्या दिवशी त्याला सांगितलं, “माझं चुकलं. कारखाना कधी बंद होणार ते मला ठाऊक नव्हतं, तरी मी सांगितलं.” तो म्हणाला, “मुकादमाला बी ठाव नसतंय.” माझी समजूत काढल्यासारखा.

आई-बाप तीन आठवडे उशिरा आले. ट्रॅक्टर तिथनंच वळलं. मी खिडकीत होतो. तास चालू होता आणि मी त्याला अडवलं नाही.

एप्रिलअखेरच्या तपासणीत तो परिच्छेदावर होता, अडखळत. गोष्ट वाचता आली नाही. ‘घ-ध’ची गल्लत बरीचशी गेली होती. विशेष शिक्षिकांनी नोंद केली की अक्षमतेच्या तपासणीसाठी आत्ता पाठवायची गरज दिसत नाही, चौथीत सहामाहीला पुन्हा बघू. कान कोरडा होता, पण पुढच्या डॉक्टरांची चिठ्ठी अजून बापाच्या खिशातच होती.

त्या अकरांतल्या बाकीच्या दहांबद्दल माझ्याकडे अशी नोंद नाही. चार जण कार्डांवर बसत होते एवढं माहीत आहे. सहा जणांनी चड्डी ओली केली नाही, पळून गेले नाहीत, वाचनात फार मागे नव्हते. त्यांच्या रात्री कशा जात होत्या ते मी विचारलंच नाही.

पुढच्या साली दसऱ्याच्या आधी मुकादम वस्तीवर येऊन गेला. दोन दिवसांनी धाकल्याची आई शाळेत आली, बाळ कडेवर, थोरली पोरगी शेजारी. म्हणाली, “गुरुजी, औंदा दोघं बी ठिवू का?”

बारकं कोण बघणार, मी विचारलं. जावेची पोरगी येते म्हणाली. ती पोरगी कुठल्या शाळेत, ते मी विचारलं तर बाई गप्प झाली.

तक्ता टेबलावरच होता. मी तो बंद करून ठेवला आणि तिला म्हटलं, आधी आजीकडे जाऊ. रात्री चौघांना झोपवायला जागा कुठे आहे, आणि रात्री उठायचं कोणी, ते तिघं बसून बोलू.